यूकेच्या स्पॉन्सरशिपसाठी एजंट ९ लाख मागतोय, द्यावेत का?

शिरोली_सेकंड_शिफ्ट:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आहे, नऊ वर्षं झाली, आयटीआय मशिनिस्ट, दोन वर्षांचा ट्रेड, एनसीव्हीटीचं म्हणजे सरकारमान्य सर्टिफिकेट आहे, सेटिंग स्वतः करतो आणि प्रोग्रॅममधले बारीकसारीक बदल पण जमतात. वय ३१, लग्न झालंय, एक मुलगी. ओव्हरटाइम धरून २८ हजार हातात पडतात. मित्राच्या ओळखीनं एक एजंट भेटला, ऑफिस कोल्हापुरातच, एसी बिसी, भिंतीवर लंडनचा पूल. तो म्हणतो यूकेत मशीन ऑपरेटरची जागा आहे, कंपनी स्पॉन्सर करणार, पगार वर्षाला २६,२०० पौंड, खर्च एकूण ९ लाख, त्यातले दीड लाख या शनिवारपर्यंत स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेट बुकिंगचे. दुसऱ्या एका पोराचं सर्टिफिकेट दाखवलं त्यानं, लॅमिनेट केलेलं, वर सोनेरी शिक्का, खाली सही. हातात दिलं पण फोटो काढू दिला नाही. आबा म्हणतात उसाचं बिल जमा झालंय, ते घे. बायको म्हणते गंठण ठेवूया. मला रात्रीची झोप नाही. यातलं कुणाला खरं माहीत असेल तर सांगा.

मिसळीचा_कट:
फोटो काढू दिला नाही तिथंच विषय संपला की भावा.

मिडलँड्सचा_पेठकर:
मी मूळचा शिवाजी पेठेतला, आता बर्मिंगहॅमजवळ डिझाइनला आहे, सातवं वर्ष. कंपनीच्या स्पॉन्सरशिपवरच आलोय, त्यामुळं सांगतो.

ते सोनेरी शिक्क्याचं काय असेल ते असो, पण सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप हा कागद नसतोच. नावात सर्टिफिकेट आहे म्हणून आपली माणसं फसतात. ती इथल्या होम ऑफिसच्या (व्हिसा देणारं सरकारी खातं) सिस्टीममधली नोंद असते, तुला मिळतो फक्त अंक-अक्षरांचा एक नंबर, तो व्हिसाच्या फॉर्मात टाकायचा आणि मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा. मला एचआरनं दोन ओळींच्या ईमेलमध्ये पाठवला होता, मी पण आधी विचारलं होतं की मूळ प्रत पोस्टानं येणार का म्हणून.

आता ते २६,२००. हा आकडा हवेतला नाही, खरा आहे, फक्त शिळा आहे. एप्रिल २०२४ च्या आधी स्किल्ड वर्कर व्हिसाला किमान पगार तेवढा होता. ४ एप्रिल २०२४ ला तो ३८,७०० झाला आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७००. वर तुझ्या कामाचा त्यांनी ठरवलेला दर याच्यापेक्षा जास्त असला तर तोच धरतात. २६ वर्षांच्या आतल्यांना वगैरे सवलती आहेत पण त्या धरून सुद्धा मशीनवरच्या कामाला २६,२०० बसत नाही. म्हणजे ऑफर लेटरचा साचा जुना आहे आणि एजंटला तो बदलायचा पण कंटाळा आलाय.

आणि वाईट बातमी अशी की त्याच २२ जुलैला कामाची पातळी पण वर नेली. आता बाहेरून नव्यानं येणाऱ्याला पदवीच्या तोडीचं काम लागतं. तुझ्याकडं डिग्री पाहिजे असं नाही, काम त्या पातळीचं पाहिजे. त्याखालची मोजकी कामं एका तात्पुरत्या यादीत ठेवलीत आणि त्यावर आलास तर बायको-मुलीला बरोबर आणता येत नाही. ८ जानेवारी २०२६ पासून इंग्रजी पण बी-२ पातळीचं (बऱ्यापैकी सफाईनं बोलता-लिहिता येणारं) लागतं, आधी त्याखालच्या बी-१ वर भागत होतं.

पैशाचं म्हणशील तर बाहेरचा माणूस घ्यायला आधी कंपनीकडं होम ऑफिसचं लायसन्स लागतं. अशा सगळ्या कंपन्यांची यादी गव्ह डॉट यूकेवर फुकट आहे, रजिस्टर ऑफ लायसन्स्ड स्पॉन्सर्स म्हणून शोध, फाइल उतरवून घे आणि नाव टाकून बघ. सर्टिफिकेटची फी एप्रिल २०२५ पासून ५२५ पौंड, वर इमिग्रेशन स्किल्स चार्ज (बाहेरचा माणूस घेतल्याबद्दल कंपनीला लागणारा कर), हे सगळं कंपनीच्या डोक्यावर. स्किल्स चार्ज कामगाराकडून काढणं आधीपासूनच मना आहे, ३१ डिसेंबर २०२४ पासून सर्टिफिकेटचे आणि लायसन्सचे पैसे काढणं पण बंद, काढले तर लायसन्स जाऊ शकतं. तुझ्या खिशातनं व्हिसा फी, हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठीचा) मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि तो जितक्या वर्षांचा व्हिसा तितका एकदम आधीच, मग टीबी टेस्ट, इंग्रजीची परीक्षा, विमानाचं तिकीट. चांगल्या कंपन्या यातलं पण बरंच भरतात. सर्टिफिकेट बुकिंग नावाचं खातं यात कुठंच नाही.

कागल_फाटा:
सगळेच एजंट चोर नसतात हे पण लिहितो. माझा मेव्हणा २०२३ ला केअर वर्कर म्हणून गेला, १२ लाख दिले, पोचला, काम मिळालं. दहा महिन्यांनी त्या कंपनीचं लायसन्स गेलं आणि याला पत्र आलं, ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा नाहीतर परत जा. फोनवर बोलायचा तेव्हा आवाज ऐकवत नव्हता. ५१ व्या दिवशी दुसरी कंपनी मिळाली म्हणून टिकला. आता तो रस्ता पण बंद झालाय, २२ जुलै २०२५ पासून बाहेरच्या देशातनं केअर वर्कर घेणं थांबवलंय.

मिडलँड्सचा_पेठकर:
@कागल_फाटा पाव्हणं, १२ लाखांत एजंटनं दिलं काय मग? नोकरी गेली तेव्हा फोन तरी उचलला का?

कागल_फाटा:
नाही उचलला.

सिस्टर_ते_स्टुटगार्ट:
मी गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत होतो, पाच वर्षं झाली जर्मनीत. (नाव बायकोचं आहे, ती नर्स, तिच्यामागं मी आलो.) तुझ्या आयटीआयला यूकेपेक्षा इकडं जास्त किंमत आहे असं माझं मत. इकडं लायसन्सवाली स्पॉन्सर कंपनी अशी भानगडच नाही, कुठलीही चालू कंपनी माणूस घेऊ शकते, ती एक फॉर्म भरते, कामाचे तास-पगार बरोबर आहेत का ते त्यांचं एम्प्लॉयमेंट खातं बघतं. मार्च २०२४ पासून अनुभवावर व्हिसाची वाट, सरकारी परवाना लागणारी कामं सोडून, बाकी सगळ्या धंद्यांना मोकळी झाली. आपल्या देशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं ट्रेनिंग आणि गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा त्याच कामाचा अनुभव, दोन्ही तुझ्याकडं आहे. पगाराची अट २०२६ ला वर्षाला ४५,६३० युरो, पण कंपनी युनियनच्या टॅरिफ (पगाराच्या) कराराखाली असली तर त्यापेक्षा कमी चालतो. तुझं सर्टिफिकेट सरकारमान्य आहे असं जर्मनीच्या झेडएबी नावाच्या ऑफिसकडून लिहून घ्यावं लागतं, ते ऑनलाइन होतं. कंपनीला घाई असली तर ती ४११ युरो भरून फास्ट ट्रॅक लावते, तू फक्त तिला मुखत्यारपत्र द्यायचं.

कायद्यानं या वाटेला भाषेची अट नाही पण खरं सांगू का, जर्मन नाही आलं तर मालक इंटरव्ह्यूलाच थांबवतो. ड्रॉइंग जर्मनमध्ये, सेफ्टीचे बोर्ड जर्मनमध्ये, आणि फोरमन बव्हेरियाचा असला तर मग देवच राखा, त्याचं जर्मन जर्मनांना कळत नाही. बी-१ पर्यंत जा आणि मग अर्ज टाकायला घे. भारतीयांच्या कुशल कामगार व्हिसाचा आकडा २०२४ च्या ऑक्टोबरात वर्षाला २० हजारांवरनं ९० हजार करायचं जाहीर केलंय त्यांनी, त्यामुळं दार उघडं आहे, पण ते एजंटच्या ऑफिसातनं उघडत नाही.

ताराराणी_चौक:
मी तिकीट-पासपोर्टच्या कामात बरीच वर्षं होते म्हणून एक सांगते. परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र खात्याकडं रजिस्ट्रेशन लागतं. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर रजिस्टर एजंटची यादी आहे, बिनरजिस्टर लोकांची पण वेगळी यादी आहे, दोन्ही बघा. आणि रजिस्टर असला तरी सेवेचे म्हणून ३० हजार आणि त्यावर जीएसटी, याच्यावर एक रुपया घेता येत नाही, म्हणजे ३५,४००. दादा, त्याच्याकडं रजिस्ट्रेशन नंबर लेखी मागा आणि पैसे द्यायचेच झाले तर बँकेतनं, पावती घेऊन. कॅश म्हणाला की उठायचं.

शिरोली_सेकंड_शिफ्ट:
सगळ्यांचे लई उपकार. काल सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री एक वाजता ती फाइल उतरवली, मोबाइलवर उघडेना, भाच्याच्या लॅपटॉपवर उघडली. कंपनीचं नाव यादीत आहे! मला वाटलं चला, खरं निघालं. मग कंपनीचं आणि गावाचं नाव मॅपवर टाकून रस्ता बघितला तर कबाबचं दुकान. तिथं व्हीएमसी कुठं बसवणार काय माहीत. एजंटला रजिस्ट्रेशन नंबर मेसेज करून मागितला तर म्हणाला "असले प्रश्न विचारणारी माणसं पुढं जात नाहीत." शनिवारी गेलो नाही, अकरा मिस्ड कॉल.

@सिस्टर_ते_स्टुटगार्ट दादा, जर्मनसाठी शिवाजी विद्यापीठात चौकशी करतो, सकाळची बॅच मिळाली तर शिफ्टला जमतंय. अनुभवाचं लेटर जर्मनमध्ये भाषांतर करून घ्यावं लागतं का? आमच्या मालकानं दोन ओळींचं लिहून दिलंय, त्यात फक्त "चांगला मुलगा आहे" एवढंच आहे.

सिस्टर_ते_स्टुटगार्ट:
भाषांतर लागेल. पण आधी मालकाकडनं नवीन लेटर घे, कुठल्या तारखेपासून, कुठलं मशीन, कुठला कंट्रोल, किती मायक्रॉनचं काम, सेटिंग तू करतोस हे सगळं त्यात पाहिजे. चांगला मुलगा आहेस ते आम्ही धरून चालतो.

मिसळीचा_कट:
आणि उसाच्या बिलाचं काय ठरलं?

शिरोली_सेकंड_शिफ्ट:
आबांनी पाइपलाइनचं काम काढलंय त्यातनं.