फायनान्सर, फ्रिंज आणि आमचा धुरा

धंतोलीकर :
एका दिवाळी अंकासाठी जेम्स गोल्डस्मिथवर लेख लिहून दिला होता. काल प्रूफ आलं आणि पहिल्याच वाक्याशी अडले, म्हणून इथे विचारते.

आधी माणूस सांगते, नाहीतर शब्द हवेत राहतील. जन्म १९३३, पॅरिस. वडील आधी इंग्लंडात खासदार, पुढे हॉटेलांच्या धंद्यात. पोरगा सोळाव्या वर्षी घोड्यांवर दहा पौंड लावतो, आठ हजार जिंकतो आणि ईटनची शाळा सोडून देतो. मग किराणा, बोव्हरिल (मांसाच्या अर्काचा ब्रँड), अशा कंपन्या घेणं-विकणं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत क्राउन झेलरबाख ही कागद कंपनी तिच्या जंगलांसकट ताब्यात घेतो. १९८६ मध्ये गुडइयर टायरचे शेअर गोळा करत सुटतो, कंपनीचं गाव अॅक्रन पेटून उठतं, शेवटी कंपनी त्याचे शेअर परत विकत घेते आणि हा नऊ कोटी डॉलरहून जास्त नफा घेऊन बाहेर पडतो. १९८७ च्या ऑक्टोबरात बाजार कोसळला, त्याआधीच याने बरंचसं विकलेलं होतं. हे एक आयुष्य झालं.

दुसरं त्यानंतरचं. १९९३ मध्ये खुल्या जागतिक व्यापाराविरुद्ध फ्रेंचमध्ये पुस्तक. १९९४ मध्ये फ्रान्समधून युरोपीय संसदेवर निवड, आणि त्याच साली ब्रिटनमध्ये रेफरेंडम पार्टीची स्थापना. मागणी एकच, युरोपबद्दल सार्वमत घ्या. घरोघरी पन्नास लाख व्हिडिओ कॅसेटी पाठवल्या. १ मे १९९७ च्या निवडणुकीत ५४७ उमेदवार उभे, मतं आठ लाखांवर, जागा शून्य. तो स्वतः लंडनच्या पटनी मतदारसंघातून उभा होता, त्याला १,५१८ मतं पडली. जुलैत गेला.

आता अडचण. इंग्रजीत त्याला फायनान्सर म्हणतात आणि त्याच्या राजकारणाला फ्रिंज, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरचं, कडेचं. पहिल्या शब्दाची जागा मी कोरी सोडली होती. दुसऱ्यासाठी लिहिलं, ‘राजकारणाच्या धुऱ्यावरचा कार्यकर्ता’. पुण्याच्या संपादकांनी ते सुधारून ‘राजकारणाची धुरा वाहणारा कार्यकर्ता’ असं केलंय! ज्या माणसाचं डिपॉझिट गेलं त्याच्या खांद्यावर अख्ख्या राजकारणाचं जू. अर्थ पार उलटा झाला. मला धक्काच बसला, कारण मी नागपूरची, आणि धुरा म्हणजे शेताची कड हे मला कुणी शिकवावं लागलेलं नाही. हा शब्द खरंच इकडेच आहे का? आणि फायनान्सरचं काय करू?

शनिवारपेठी :
संपादकांची चूक वाटत नाही. आमच्याकडे धुरा एकच, सांभाळायची ती. शेताच्या कडेला आम्ही बांध म्हणतो. अंक साऱ्या महाराष्ट्रात जातो, तेव्हा ‘परिघावरचा’ लिहा, सगळ्यांना कळेल.

वावरवाला :
ताई, आमच्या आजाची अर्धी हयात धुऱ्याच्या भांडणात गेली, अन् तुम्ही विचारता हा शब्द आहे का!

धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधात जी पट्टी सोडलेली असते ते. बांध नाही. बांध घालावा लागते, धुरा सोडावा लागते. त्याच्यावर पळस असते, बोर असते, निंब असते, गवत माजते, बैल सोडले की तिथंच चरतात. मालकी दोघांची, म्हणून कोणाचीच नाही. आमच्या धुऱ्यावर मधोमध एक बोर होती. शेजारी दरसाली वखर मारताना एकेक तास आत घ्यायचा. एक तास म्हणजे वखराची एक रेघ, किती, वीतभर. आजा ओरडायचा, तो म्हणायचा बैल वळला. मी सातवीत होतो तेव्हा ती बोर त्याच्या पराटीत, म्हणजे कापसात, उभी होती. झाड हललं नाही, धुरा हलला.

‘परिघावरचा’ मध्ये हे येते का? परीघ कंपासनं काढतात, तो हलत नाही.

धंतोलीकर :
वावरवाला भाऊ, हे वाचून मी थांबलेच. गोल्डस्मिथचं हेच झालं. १९९७ मध्ये त्याची मागणी कडेची होती. २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालंच आणि ५१.९ टक्के लोक युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणाले. तो जिथे उभा होता तिथेच राहिला, धुरा सरकला. म्हणून मला हाच शब्द पाहिजे.

शनिवारपेठी :
उपमा सुंदर आहे हे मान्य. पण उपमा सुंदर असली म्हणून शब्द सर्वांचा होत नाही. वाचकाला प्रत्येक ओळीवर ठेच लागली तर तो लेख बाजूला ठेवतो.

सराफा_ओळ :
मी पहिल्या शब्दाचं बोलतो, त्याच्याकडे कोणी पाहूनच नाही राहिलं. आमच्या तीन पिढ्या नागपुरातल्या इतवारी बाजारात गेल्या. तिथे सावकार वेगळा, सराफ वेगळा, पेढीवाला वेगळा आणि फायनान्सर वेगळा. सराफ मुळात नाणी पारखून बदलून देणारा, शब्द अरबी. पेढीवाला हुंडी वटवायचा, त्याचं सगळं पतीवर चालायचं. सावकार तारण घेऊन व्याजाने देतो. आणि फायनान्सर म्हणजे आजोबांच्या भाषेत, जो स्वतः दुकानात बसत नाही पण ज्याचा पैसा पाच दुकानांत फिरतो, तो. गोल्डस्मिथ हा चौथा. ‘वित्तपुरवठादार’ म्हटलं की तो कुणाला तरी पैसा पुरवतो असं होते. याने पुरवला कुठे? घेतलं आणि विकलं.

निवृत्त_मुद्रितशोधक :
चाळीस वर्षं नागपुरात प्रूफं तपासली, म्हणून हक्काने लिहितो. फायनान्सर हा शब्द मराठी मजकुरात पाहिला की मला वेदना होतात. आपल्याकडे धनको आहे, धनिक आहे, अर्थव्यवहारी आहे. सावकार तर किती घरंदाज शब्द! साधु वरून साव, साव म्हणजे सचोटीचा. ‘चोर की साव’ आपण अजून म्हणतो. त्याला टाकून परका शब्द कशाला?

वावरवाला :
काका, मान राखून सांगतो. सावकार शब्द घरंदाज असेल कोशात. आमच्या यवतमाळात तो शब्द ऐकला की घरातल्या बाया गप्प होतात. सात-बारा कोणाच्या पेटीत आहे ते आठवते. २०१४ मध्ये सरकारनं सावकारीचा नवा कायदा केला तो काय सचोटी जास्त झाली म्हणून केला? पॅरिसच्या माणसाला सावकार म्हटलं तर आमचा वाचक त्याच्या हातात कोरा स्टॅम्प पेपर पाहीन.

मानेवाडा_चौक :
आणि फायनान्सर म्हटलं तर माझ्या पिढीचा वाचक काय पाहील तेही सांगतो. दोन हप्ते थकले तर एका कंपनीचे तीन पोट्टे सकाळी सहाला दारात उभे राहिले आणि माझी गाडी उचलून घेऊन गेले. बाबा गॅलरीतून पाहत होते. आमच्या मोहल्ल्यात त्यांना ‘फायनान्सवाले’ म्हणतात. तिसरा हप्ता भरायचे पैसे त्या दिवशी माझ्या खिशात होते. म्हणून फायनान्सर शब्द सोपा वाटत असेल तरी स्वच्छ नाही.

सराफा_ओळ :
भाऊ, वाईट झालं. पण फायनान्सवाला आणि फायनान्सर यांत तोच फरक आहे जो दूधवाला आणि डेअरीचा मालक यांत आहे.

धंतोलीकर :
गुडइयरच्या वेळी अमेरिकी काँग्रेससमोर त्याची साक्ष झाली. अॅक्रनचे प्रतिनिधी जॉन सायबर्लिंग, ज्यांच्या आजोबांनी ती कंपनी काढली, त्यांनी त्याला चिडून विचारलं होतं की तू आहेस तरी कोण. चाळीस वर्षं होत आली, आणि मराठीत त्या प्रश्नाला मला एक नाम सापडत नाही. ‘भांडवलदार’ म्हणावं तर त्याने कारखाना उभारला नाही. ‘सट्टेबाज’ म्हटलं की निकालच दिला. मला एक शब्द सुचलाय, उलाढाल्या. कसा वाटतो?

निवृत्त_मुद्रितशोधक :
उलाढाल हा शब्द उत्तम, उलाढाल्या नको. त्यात खटपट्या, लटपट्या या मंडळींची छटा आहे.

मानेवाडा_चौक :
माझी आजी मला लहानपणी उलाढाल्या म्हणायची. घड्याळ उघडून ठेवलं की, रेडिओचे सेल शेगडीजवळ तापवत बसलो की. रागात नाही, कौतुकात.

शनिवारपेठी :
हा शब्द मात्र आमच्याकडेही आहे आणि आवडला. मोठा आर्थिक उलाढाल्या. निंदाही नाही, आरतीही नाही.

निवृत्त_मुद्रितशोधक :
पेशवाईच्या लिखाणासारखं वाटतं. माझा विरोध नोंदवून ठेवा. आणि ‘कार्यकर्ता’ या शब्दालाही. ज्याने पक्ष काढला, पैसा घातला, उमेदवार ठरवले, तो कार्यकर्ता कसा? कार्यकर्ता सतरंज्या घालतो.

सराफा_ओळ :
वर्ध्याचे जमनालालजी बजाज आठवा. काँग्रेसचे खजिनदार, रायबहादुरी परत केलेले, तुरुंगात गेलेले. त्यांना ना कुणी फायनान्सर म्हटलं ना कार्यकर्ता. सेठजी म्हटलं की दोन्ही आलं. शब्द माणसाच्या वागण्यातून भरतो, कोशातून नाही.

वावरवाला :
जमनालालजी अन् हा गोल्डस्मिथ एका रांगेत नका बसवू बाप्पा. पण एक विचारतो ताई, त्याच्या पुस्तकात शेतीचं काही आहे का? व्यापाराविरुद्ध लिहिलं म्हणता म्हणून.

धंतोलीकर :
आहे, आणि त्याच पानांमुळे मी लेख घेतला. त्याचं म्हणणं असं की जगातले तीन अब्जांहून जास्त लोक जमिनीवर जगतात. साऱ्या जगाने यांत्रिक, बड्या शेतीचं उत्पादन गाठायचं ठरवलं तर त्यातले दोनेक अब्ज बिनकामाचे होतील आणि शहरांच्या झोपडपट्ट्यांत येऊन पडतील. त्याचा भाऊ एडवर्ड १९७० पासून पर्यावरणाचं मासिक चालवत होता, तिथले विचार या भावाकडे उशिरा पोचले असावेत असं मला वाटतं. कंपन्या विकून गब्बर झालेल्या माणसाने हे लिहावं याचं मला अजून नवल वाटतं. तो सगळा बरोबर होता असं मी म्हणत नाही. त्याच्या पक्षात परक्यांचा रागही पुष्कळ होता.

वावरवाला :
दोन अब्ज. हे वाक्य पेपरात कुठं वाचलं नव्हतं. छापून आलं की अंकाचं नाव सांगा.

गोंदिया_लोकल :
धुऱ्याबद्दल एक. हिंदी पेपरात ‘धुर विरोधी’, ‘धुर दक्षिणपंथी’ असं रोज वाचतो. धुर म्हणजे अगदी टोक. मला वाटते आपला धुरा तिथूनच आला. म्हणजे फ्रिंजला धुरा हा शब्द आधीपासूनच तयार आहे, फक्त हिंदीच्या घरी राहून राहिला.

निवृत्त_मुद्रितशोधक :
ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. संस्कृतात धुर् म्हणजे जू. त्यावरून धुरीण, धुरंधर. आपला बैलबंडी हाकणारा धुरकरीही तिथलाच. शेताचा धुरा कुठून आला ते ठामपणे सांगता येणार नाही.

मात्र काल रात्री मूळ वाक्य पुन्हा वाचलं आणि एक गोष्ट लक्षात आली, जी मी चाळीस वर्षांच्या सवयीने पहिल्या दिवशीच सांगायला हवी होती. सांभाळायची ती धुरा स्त्रीलिंगी. तिचं सामान्यरूप धुरे, जसं भाषा, भाषेवर. शेताचा तो धुरा पुल्लिंगी, जसं घोडा, घोड्यावर. ताईंनी ‘धुऱ्यावरचा’ लिहिलं. जू अभिप्रेत असतं तर ‘धुरेवरचा’ झालं असतं. म्हणजे व्याकरणाने त्या वाक्यात दुसरा अर्थ निघतच नव्हता. संपादकांनी दुरुस्त केला तो शब्द नव्हता, लिंग होतं. प्रूफावर हे लिहून पाठवा, माझ्या अनुभवाचा आधार द्यायचा तर द्या.

शनिवारपेठी :
हा मुद्दा बिनतोड आहे. तरी पुण्यातला वाचक सामान्यरूप पाहून अर्थ लावत नाही, ओळखीचा शब्द पाहून लावतो.

मानेवाडा_चौक :
मग ओळख व्हायची कशी? छापल्याशिवाय?

शनिवारपेठी :
एकदा ‘धुऱ्यावरचा, म्हणजे बांधाच्या कडेचा’ असं वाक्यातच गुंफा. नंतर नुसतं धुरा चालेल.

वावरवाला :
बांध नाही म्हणून वर सांगितलं ना भाऊ. पुन्हा बांध!

गोंदिया_लोकल :
आमच्या धानपट्ट्यात तर गोष्टच वेगळी. धानाच्या तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो आणि तिच्याभोवतीचा मातीचा उंच काठ तो धुरा. पाणी अडवायला तो घालावाच लागते. म्हणजे धुरा घालत नाहीत, सोडतात, हे कापसाच्या मुलखाचं झालं.

वावरवाला :
मातीचा काठ म्हणजे तुमचा धुरा रिकामाच? झाड नाही, गवत नाही?

गोंदिया_लोकल :
रिकामा कसा? धुऱ्यावर तूर लावतात. बांधीत धान, धुऱ्यावर तूर. धान विकायचं, पण वर्षभराचं वरण धुऱ्यावरूनच येते. माझी आई पायलीने मोजून कोठीत भरायची आणि वावरातली तूर कुणी आणून दिली तर म्हणायची, याला धुऱ्याच्या तुरीची चव नाही.

धंतोलीकर :
‘धुऱ्याची तूर’! असं वेगळं नाव घेऊन म्हणतात का तिकडे अजून? बाजारात विकायलाही येते, की घरापुरतीच?