कॉपीराइट कायद्याला संघटित विरोध: सह्यांच्या पलीकडे काय करावे?

धागाकर्ता: मुक्तस्रोत

वापरकर्त्यांनी टाकलेला प्रत्येक मजकूर, चित्र किंवा ध्वनिफीत प्रसिद्ध होण्यापूर्वीच संकेतस्थळाने तपासावी आणि तपासणीतून काही सुटल्यास जबाबदारीही संकेतस्थळानेच घ्यावी, अशा आशयाच्या कॉपीराइट दुरुस्तीचा मसुदा सध्या चर्चेत आहे. आम्ही काही स्वयंसेवक मुक्त ज्ञानकोशात लिहितो आणि एक छोटे चर्चास्थळ चालवतो. अशी आपोआप तपासणी करणारी यंत्रणा विकत घेणे आम्हाला परवडणारे नाही. आणि कोणी फुकट दिली, तरी विडंबन, समीक्षेत घेतलेला उतारा आणि उघड चोरी यांतला फरक तिला कळणार नाही. निवेदनावर सह्या भराभर जमत आहेत, पण मसुद्यातला स्वल्पविरामही हललेला नाही. पूर्वी अशा कायद्यांना झालेला विरोध कोठे यशस्वी ठरला आणि तो कशामुळे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद: कळफलक

सह्या थांबवू नका, मात्र त्या कोणाच्या टेबलावर जाणार हे आधी ठरवा. अमेरिकेत २०११ साली आलेल्या 'सोपा' आणि 'पिपा' या ऑनलाइन चाचेगिरी (कॉपीराइट असलेल्या कृतींची चोरी) रोखण्याच्या विधेयकांच्या वेळी नेमके हेच घडले. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया चोवीस तास बंद राहिला, हे सर्वांना आठवते. पण त्या काळ्या पानावर पिनकोड भरण्यासाठी एक चौकट होती, तिचा उल्लेख फारसा होत नाही. वाचकाने आपला पिनकोड टाकला की त्याच्या मतदारसंघाच्या लोकप्रतिनिधीशी संपर्क कसा साधावा, हे समोर येत असे. त्यामुळे दूरध्वनी गेले ते थेट ज्यांना मत द्यायचे होते त्यांच्या कार्यालयांत, आणि तेही त्यांच्याच मतदारांचे. दोनच दिवसांत, म्हणजे २० जानेवारीला, दोन्ही विधेयके लांबणीवर टाकल्याचे जाहीर झाले आणि ती पुन्हा मतदानाला आली नाहीत.

त्या दिवसामागे बरीच तयारी होती, हेही लक्षात घ्यावे. चाचेगिरीचा आरोप असलेल्या परदेशी संकेतस्थळाचे नाव इंटरनेट सेवादात्यांनी डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या) पातळीवरच अडवावे, अशी त्या मसुद्यात तरतूद होती. अशा अडवणुकीमुळे डीएनएस अधिक सुरक्षित करण्याच्या चालू कामालाच खीळ बसेल, असे जाळ्याच्या उभारणीत आयुष्य घालवलेल्या अभियंत्यांनी खुल्या पत्रात सांगितले. 'इंटरनेट धोक्यात आहे' या घोषणेला लोकप्रतिनिधी मान डोलावून पुढे जातो; 'या कलमामुळे ही यंत्रणा अशी बिघडेल' या वाक्याला त्याला उत्तर शोधावे लागते.

प्रतिसाद: नीरक्षीर

वरील वर्णन खरे असले तरी त्यावरून फार आशा बांधू नये, असे माझे मत आहे. 'सोपा'च्या वेळी मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचे हितही विरोधातच होते आणि गूगलने आपल्या मुखपृष्ठावरील बोधचिन्हावर काळी पट्टी ओढली होती. ते पाठबळ तुम्हाला मिळेलच असे नाही. आणि मिळाले, तर त्याची किंमतही मोजावी लागते.

युरोपीय संघाच्या कॉपीराइट निर्देशाचे उदाहरण तुमच्या मसुद्याला अधिक जवळचे आहे. त्यातील वादग्रस्त कलम १३, जे अंतिम मसुद्यात कलम १७ झाले, अपलोड फिल्टरचेच, म्हणजे मजकूर चढवतानाच यंत्राने छाननी करण्याचे, कलम म्हणून ओळखले गेले. विरोधकांनी ५ जुलै २०१८ रोजी युरोपीय संसदेत ३१८ विरुद्ध २७८ मतांनी पहिली फेरी जिंकली, निवेदनावर पुढे पन्नास लाखांच्या आसपास सह्या झाल्या, मार्च २०१९ मध्ये अनेक शहरांत मोर्चे निघाले, आणि तरीही २६ मार्चला निर्देश ३४८ विरुद्ध २७४ मतांनी संमत झाला. वादग्रस्त कलमांवर वेगळे मतदान घ्यायचे की नाही, हा ठराव तर केवळ पाच मतांनी पडला. आपले मत चुकून उलट नोंदले गेले, असे काही सदस्यांनी नंतर सांगितले. नोंद दुरुस्त झाली, पण निकाल बदलला नाही.

हे का घडले, याची कारणे अनेक आहेत, परंतु एक माझ्या मते निर्णायक आहे. सदस्यांकडे एकाच साच्यातील ईमेलांचा पूर आला, आणि ही यंत्रांनी किंवा कंपन्यांनी घडवलेली मोहीम आहे असे म्हणणे समर्थकांना सोपे गेले. जर्मनीतील मोर्च्यांत तरुण मुले 'आम्ही बॉट (माणसासारखे संदेश पाठवणारे यंत्र) नाही' असे फलक घेऊन चालत होती. आपण खरे आहोत हे सिद्ध करण्यातच ज्या चळवळीची शक्ती खर्ची पडते, ती कलमावर बोलणार कधी? म्हणून ठोक ईमेलांपेक्षा मतदारसंघातील ग्रंथपाल, शिक्षक आणि लहान संकेतस्थळ चालवणारे यांनी प्रत्यक्ष घेतलेल्या वीस भेटी मला अधिक मोलाच्या वाटतात. तसेच लेखक आणि संगीतकार यांना शत्रुपक्षात ढकलू नका. त्यांच्यापैकी अनेकांचे मोठ्या कंपन्यांशी असलेले भांडण न्याय्य आहे आणि 'मोबदल्याला नव्हे, छाननीच्या सक्तीला आमचा विरोध आहे' हे त्यांना पटू शकते.

मुक्तस्रोत

दोघांचेही आभार. म्हणजे कायदा संमत झाला की सारे संपते, असे समजायचे का?

प्रतिसाद: तळटीप

मुळीच नाही. उलट, मोर्चे पांगल्यानंतरचे कंटाळवाणे काम बहुतेक लोक टाळतात आणि तेथेच बरेच काही मिळवता येते. युरोपीय निर्देश सदस्य देशांना आपापल्या कायद्यांत उतरवायचा होता. जर्मनीने २०२१ च्या कायद्यात अशी सोय केली की १५ सेकंदांपर्यंतचा चित्रफितीचा तुकडा, १६० अक्षरांपर्यंतचा मजकूर किंवा १२५ किलोबाइटपर्यंतचे चित्र, मूळ कृतीच्या निम्म्याहून कमी भाग घेऊन (चित्राला ही निम्म्याची अट नाही) इतर मजकुराशी जोडलेले असल्यास, प्रथमदर्शनी अनुज्ञेय मानावे आणि फिल्टरने ते आपोआप रोखू नये. हे आकडे तुटपुंजे आहेत, पण मूळ निर्देशात तेवढेही नव्हते.

पोलंडने कलम १७ ला युरोपीय न्यायालयात आव्हान दिले. २६ एप्रिल २०२२ च्या निकालात ते फेटाळले गेले. मात्र कायदेशीर आणि बेकायदेशीर मजकूर यांत पुरेसा भेद न करणारी छाननी अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी सुसंगत ठरणार नाही, असेही न्यायालयाने नोंदवले. पुढील प्रत्येक वादात ते वाक्य वापरता येते.

तेव्हा तुमच्या गटातील एकाने आजपासूनच विधेयक कोणत्या समितीकडे आहे, समिती सूचना कोणत्या तारखेपर्यंत स्वीकारते आणि कलमाचा पर्यायी मसुदा कोणत्या नमुन्यात द्यावा लागतो, याचा पाठपुरावा सुरू करावा. पर्यायी मसुद्यात 'तक्रार आल्यावर काढणे' ही जबाबदारी कायम ठेवून 'आधी तपासणे' ही सक्ती वगळावी, ना-नफा ज्ञानकोशांना व लहान चर्चास्थळांना स्पष्ट सूट मागावी, आणि खोटी तक्रार करून मजकूर उतरवणाऱ्याला दंडाची तरतूद सुचवावी. शेवटची मागणी बहुधा मान्य होणार नाही, तरी ती लेखी नोंदीत राहू द्यावी.