प्रति: नगरसेवकाने गटारांवर बोलावं

वर कुणी म्हटलंय, की माजी नगरसेवकाने सभेत 'एक देश, एक निवडणूक'वर भाषण ठोकण्यापेक्षा गटारांवर बोलावं. अर्धं पटलं. पण हा विषय त्यांच्याच खुर्चीचा आहे हो! याच विषयावरच्या माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने मार्च २०२४ च्या अहवालात लोकसभा-विधानसभेच्या एकत्र निवडणुकांनंतर १०० दिवसांत पालिका-पंचायतींच्याही निवडणुका घ्या, असं सुचवलंय. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत आलेल्या १२९व्या घटनादुरुस्ती विधेयकात मात्र पालिका नाहीतच. यावर आपले साहेब बोलले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. ते फक्त 'खर्च वाचेल' म्हणाले आणि हार घालून घेतले.

पालिकेची पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक घ्या, असं पालिकांसाठीची ७४वी घटनादुरुस्ती सांगते. मुंबई पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मग प्रशासक. ओबीसी आरक्षण नि प्रभागरचनेचा घोळ कोर्टात. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तरी आणखी लांबलंच.

त्या काळात आमच्या गल्लीतल्या गटाराची फरशी खचली. साहेबांनी पत्र दिलं, लेटरहेडवर 'नगरसेवक'च्या आधी बॉलपेनने 'माजी' लिहून. वॉर्ड ऑफिसात ते पत्र बघून क्लार्क नुसता हसला.