तळपायावरचा डाग आणि डीएनए लस: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

मिलिंद (ए-२०३): सुप्रभात मंडळी. मेव्हण्याकडून आलेला मेसेज खाली टाकलाय. स्किन कॅन्सरवर डीएनए लस निघाली, ऑपरेशनची गरज नाही, एका इंजेक्शनात गाठ जाते असं लिहिलंय. मंदाकाकू, मोहनकाकांच्या टाचेवरच्या कॅन्सरसाठी बघा.

मंदाकाकू (सी-५०४): वाचलं रे मिलिंद. ह्यांनीही वाचलं, आणि तेव्हापासून म्हणतायत की सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकलू, आधी लसीची चौकशी करू. गौरी, तू लॅबमध्ये हेच काम करतेस ना गं? पुण्यात कुठे मिळते ही?

गौरी (बी-१०१): काकू, ऑपरेशन पुढे ढकलू नका. एवढं आत्ता सांगते. बसमध्ये आहे, पाषाणला पोचले की सगळं लिहिते.

गौरी: पोचले. काकू, लस म्हटलं की आपल्याला पोलिओचे थेंब आठवतात, आजार होऊ नये म्हणून आधीच द्यायचे. ही लस आजार झाल्यावर द्यायची, शरीराला गाठ ओळखायला शिकवण्यासाठी. काकांचा मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या आपल्याच पेशी बिघडून झालेला, म्हणून शरीर त्याला परकं मानत नाही, तिथेच घोडं अडतं. या पेशींमध्ये टायरोसिनेज, जीपी१०० अशी काही ठरावीक प्रथिनं असतात. त्यातल्या एखाद्याचा आराखडा डीएनएच्या गोल कड्यात बसवतात. त्याला प्लाझ्मिड म्हणतात, आम्ही रोज बॅक्टेरियात वाढवतो. ते टोचलं की आपल्या पेशी आराखडा वाचून प्रथिन बनवतात आणि टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याची ओळख करून घेतात. नुसतं डीएनए उंदराच्या स्नायूत टोचलं तरी प्रथिन तयार होतं, हे १९९० मध्येच दिसलं होतं. माणसात मात्र परिणाम फार क्षीण यायचा, कारण डीएनए पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचावं लागतं. म्हणून आता टोचताना विजेचे बारीक झटके देतात, किंवा सुईऐवजी जोराच्या फवाऱ्याने औषध आत सोडतात.

मिलिंद: कोविडची झायकोव्ह-डी अशीच बिनसुईची होती ना?

गौरी: हो दादा, अहमदाबादच्या झायडसची. ऑगस्ट २०२१ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली, माणसांसाठी मंजूर झालेली जगातली पहिली डीएनए लस. पण विषाणूचं प्रथिन परकं, ते शरीर चटकन ओळखतं. कॅन्सरचं तसं नाही.

सुहास (डी-३०२): कुत्र्यांसाठी अशी लस आहे असं आमच्या ब्रुनोचे डॉक्टर म्हणाले होते.

गौरी: आहे, अमेरिकेत. तोंडातल्या मेलानोमासाठी, २०१० मध्ये पूर्ण परवाना मिळाला. त्यात माणसाच्या टायरोसिनेजचा जीन असतो, कुत्र्याच्या टायरोसिनेजपेक्षा किंचित वेगळा, म्हणून शरीर जागं होतं. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र फायदा दिसला नाही. माणसांमध्ये स्कॅन्सेल ही ब्रिटिश कंपनी एससीआयबी१ नावाची डीएनए लस इतर इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या औषधांच्या, जोडीने चाचण्यांमध्ये देते. माणसांच्या मेलानोमासाठी मंजूर झालेली एकही डीएनए लस अजून नाही, त्यामुळे पुण्यात कुठे मिळेल हा प्रश्नच येत नाही.

काकू, आता मुख्य मुद्दा. बातम्यांमध्ये गाजलेली लस मॉडर्ना आणि मर्कची, ती डीएनए नाही, एमआरएनए आहे, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली प्रथिनाची नक्कल. १५७ रुग्णांच्या चाचणीत, नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधापेक्षा त्याच्या जोडीला लस दिल्यावर आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. पण हे सगळे रुग्ण ऑपरेशन झालेले होते. काढलेल्या गाठीतले बदल वाचूनच प्रत्येकाची लस वेगळी बनवतात. गाठ काढलीच नाही तर लस कशावरून बनवणार?

मिलिंद: बापरे. हे मला अजिबात माहीत नव्हतं. मेसेज काढून टाकतो, मेव्हण्यालाही कळवतो. काकू, माफ करा.

मंदाकाकू: अरे, तू चांगल्या मनानेच टाकलास. ह्यांना वाचून दाखवलं, गप्प बसलेत.

स्मिता (ए-४०१): पण आपल्याकडे त्वचेचा कॅन्सर होतो का? मला वाटायचं गोऱ्या लोकांनाच उन्हामुळे होतो.

गौरी: कमी होतो, पण होतो स्मिताताई. आपल्याकडचा मेलानोमा बऱ्याचदा तळपाय, तळहात, नखाखाली येतो, तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर कमरेवर, साडीखालच्या परकराची नाडी किंवा धोतराची गाठ वर्षानुवर्षं घासते तिथे होतो. मुंबईत डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच धोतरामुळे होणाऱ्या या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय.

स्मिता: सासूबाईंच्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ आहे. आता धडधडायला लागलं.

गौरी: घाबरू नका. आपल्या रंगाच्या लोकांत अशा रेघा पुष्कळदा निरुपद्रवी असतात. पण एकाच नखात असेल, रुंद होत असेल किंवा कडेच्या कातडीवर काळेपणा उतरला असेल तर याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.

मोहनकाका (सी-५०४): मी मोहन. हिचा फोन घेतला नाही, माझ्यावरूनच लिहितोय. गेल्या वर्षी पालखीबरोबर हडपसरहून सासवडपर्यंत चाललो, दिवे घाट चढलो. टाचेला काळं दिसलं तेव्हा चालण्याचंच असेल असं धरून बसलो. जिथे पहिल्यांदा दाखवलं तिथे कुरूप म्हणून पट्टी दिली, आठ महिने त्यात गेले. मला त्याचाच राग आहे आणि म्हणून लसीचं वाचून जीव हुरळला. सोमवारी जातो. डॉक्टरांना काय विचारू ते सांग पोरी.

गौरी: काका, तीन गोष्टी विचारा. डाग किती मिलिमीटर खोल गेलाय? आजार तिथे पोचलाय का हे बघायला जांघेतली लसिका ग्रंथी तपासणार का? आणि काढलेल्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड तुमच्या नावाने नीट ठेवतील ना? ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा. पुढे इम्युनोथेरपी ठरवायची झाली किंवा एखाद्या चाचणीत नाव घालायचं झालं तर तोच लागतो.

मोहनकाका: वहीत लिहून घेतलं.

सुहास: काका, सोमवारी गाडी मी काढतो. पौड रोडला गर्दी व्हायच्या आत, साडेसहाला गेटपाशी.

मंदाकाकू: साडेसहाला खाली येतो रे. स्मिता, तुझ्या सासूबाईंना दाखवून आलीस की मला कळव.