मिमिक्यूच्या कापडाखाली काय आहे, हे विचारावे का?

माहीमकर:
गेल्या रविवारी अंधेरीहून चर्चगेटला जाताना माझ्या नववीतल्या पुतण्याने वहीच्या मागच्या पानावर मिमिक्यूची चार चित्रे काढली. चारही चित्रांत अंगावरचे कापड वर उचललेले होते. खाली एकदा कोळी, एकदा कवटी, एकदा मांजराचे पिल्लू आणि शेवटी निळ्या पेनाने गिरवलेले नुसते वर्तुळ, तेही इतके गिरवलेले की कागद फाटला होता. ज्यांना हा जीव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोकेमॉनच्या २०१६ साली आलेल्या ‘सन’ आणि ‘मून’ या खेळांत तो प्रथम दिसला. उंची अवघी ०.२ मीटर, अंगावर पिकाचूच्या आकाराचे जुनाट फडके. त्या फडक्याखालचे रूप पाहणारा एक विद्वान भीतीच्या धक्क्याने मेला, अशी नोंद खेळातल्या पोकेडेक्समध्येच, म्हणजे पोकेमॉनांच्या माहितीकोशातच आहे.

हे रूप शोधण्याचा चाहत्यांचा हट्ट मला पटत नाही. जमिनीतून नुसते डोके बाहेर काढणाऱ्या डिगलेट या पोकेमॉनबद्दल मी असे म्हणणार नाही, कारण तो लपत नाही. त्याचे बिऱ्हाडच जमिनीत आहे. हात दिसत नसताना तो ‘स्क्रॅच’ हा ओरखडण्याचा डाव कसा टाकतो, हा १९९६ पासूनचा प्रश्न रास्तच आहे. मिमिक्यू मात्र स्वतःहून झाकून घेतो, आणि तेही माणसांच्या जवळ येता यावे म्हणून. पिकाचू सर्वांना आवडतो, तर आपणही तसे दिसावे, एवढीच त्याची धडपड आहे. हे कळल्यावरही त्याचे फडके ओढायला आपला हात पुढे होत असेल, तर आपण ते पात्र वाचलेच नाही.

चेंबूरची वाचक:
माहीमकर, आपल्या भावनेचा आदर आहे, पण युक्तिवाद मान्य नाही. पात्र हे पात्र असते. त्याची अब्रू राखण्याचे ओझे खेळणाऱ्यावर टाकता येत नाही. शिवाय कुतूहल निर्मात्यांनीच चाळवले आहे. फडक्याच्या वरच्या भागावर रंगवलेला पिकाचूचा चेहरा खोटा आहे. खरे डोळे पोटाजवळच्या दोन भोकांतून बाहेर पाहतात. लढाईत पहिला घाव त्या सोंगावर जातो आणि सोंगाची मान लटकते, म्हणजे वरचे डोके पोकळ आहे याची आठवण आपल्याला जवळजवळ प्रत्येक लढतीत करून दिली जाते. भरीस भर म्हणून कापडाखालून अधूनमधून पंजासारखी काळी सावली बाहेर येते. ज्याला विचारू द्यायचे नाही तो इतक्या खुणा मागे ठेवत नाही. आपल्या पुतण्याने कोणाचेही फडके ओढले नाही. त्याने चार नवे जीव घडवले, आणि मला तरी त्यातला मांजराच्या पिल्लाचा प्रकार फारच आवडला.

गिरगावकर:
झाकली मूठ सव्वा लाखाची. ‘मारिओ पॉवर टेनिस’ (२००४) या खेळात शाय गाय या मुखवटाधारी पात्राचा मुखवटा गळून पडतो, मारिओचा भाऊ लुईजी तो चेहरा पाहून दचकतो आणि आपल्याला काहीच दिसत नाही. वीस वर्षे उलटली तरी त्या चेहऱ्यावर वाद चालू आहेत. याउलट १९९३ च्या ‘कर्बीज अ‍ॅडव्हेंचर’मध्ये मेटा नाइट या मुखवटाधारी तलवारबाजाचा मुखवटा फुटला आणि आत खेळाचा नायक कर्बी याच्यासारखाच गोल चेहरा निघाला. त्याच्याविषयीची माया वाढली असेल, दरारा मात्र गेला.

परळच्या कार्यशाळेतून मूर्ती आणताना आपणही गणपतीचा चेहरा झाकतो. पण तिथे कापड कोणत्या दिवशी दूर होणार हे ठरलेले असते आणि आत कोण आहे हेही सर्वांना माहीत असते. मिमिक्यूच्या बाबतीत असा दिवस उजाडूच नये.

गोरेगावचा मॉडेलर:
पोटापाण्यासाठी अ‍ॅनिमेशनमध्ये असल्याने एक रूक्ष गोष्ट सांगतो. त्रिमितीय आकृतीचा जो भाग पडद्यावर येणार नाही, तो आम्ही सहसा बांधतच नाही. त्यावर पैसा आणि वेळ घालवायला कोणी परवानगी देत नाही. त्यामुळे ‘शोधणे’ हा शब्द दोन्ही बाजूंनी जपून वापरावा, कारण सापडण्यासाठी आत काही असावे लागते. डिगलेटच्या बाबतीत तर निर्मात्यांनी आपली चक्क थट्टा केली. २०२२ च्या खेळांत विगलेट आला, चेहरामोहरा जवळजवळ तोच, पण हा समुद्रकाठचा, ईलसारख्या लांब अंगाचा निराळाच जीव, उंची १.२ मीटर. डिगलेटचे धड अखेर दिसणार म्हणून सरसावून बसलेल्यांमध्ये मीही होतो.

माहीमकर:
मॉडेलर यांचा मुद्दा मान्य; यापुढे मी ‘कल्पिणे’ म्हणेन. चेंबूरच्या वाचक, भोके आहेत हे खरे, परंतु ती त्याला बाहेर पाहता यावे म्हणून आहेत, आपल्याला आत पाहता यावे म्हणून नव्हेत. एवढा फरक तरी आपण मान्य करावा.

चेंबूरची वाचक:
केला. पंजाबद्दल मात्र आपण काहीच लिहिले नाही.