सल्ला हवा: बारावीच्या मुलांना मॅक्सिमा-मिनिमा शिकवताना टोकं काऊन तपासायची, हे कसं पटवावं?

शिकवणी_दारव्हा
नमस्कार मंडळी. बारावी सायन्सची शिकवणी आहे. मॅक्सिमा-मिनिमा आलं की पोरं फ′(क्ष) = ० सोडवतात, फ″ (दुसऱ्या डेरिव्हेटिव्ह) चं चिन्ह पाहतात अन् मोकळी होतात. गणित असं:

फ(क्ष) = २क्ष³ − ३क्ष² − १२क्ष + ५, अंतराल [−३, ४]

पोरांचं उत्तर कमाल १२, किमान −१५. बरोबर उत्तर ३७ आणि −४०. अंतरालाची टोकं (−३ अन् ४) तपासा म्हटलं की विचारतात, "सर, तिथं डेरिव्हेटिव्ह शून्य नाहीच, मग काऊन तपासायचं?" पाठ करा म्हणणं बरं वाटत नाही. कोणत्या क्रमानं शिकवावं, कोणती उदाहरणं घ्यावी, सुचवा. रेंज धड नसते, व्हिडिओच्या लिंका नकोत.

मास्तर_परतवाडा
सर, दोन प्रश्नांची खिचडी झाली आहे, ती आधी सुटी करा. कमाल किंमत आहे का, हा एक. असेल तर ती कुठं सापडेल, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर डेरिव्हेटिव्हकडे नाहीच. ते सातत्यातून येतं: बंद (दोन्ही टोकं धरून) आणि मर्यादित अंतरालावर फंक्शन संतत (आलेख कुठंही न तुटणारं) असेल, तर त्याला कमाल आणि किमान दोन्ही किमती असतातच. तुमचं फंक्शन बहुपदी आहे, म्हणजे संतत. इथं डेरिव्हेटिव्हचं नावही काढू नका.

दुसऱ्यासाठी फर्माचं प्रमेय. अंतरालाच्या आत लोकल कमाल किंवा किमान असेल आणि तिथं डेरिव्हेटिव्ह असेल, तर ते शून्य. यातला "आत" हा शब्द फळ्यावर दोनदा अधोरेखित करा. लगेच सिद्धताही दाखवा, फार वेळ लागत नाही. कमाल बिंदूपासून डावीकडच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषांचा चढ शून्य किंवा धन, उजवीकडच्यांचा शून्य किंवा ऋण. डेरिव्हेटिव्ह असेल तर दोन्हीकडून एकच किंमत यायला हवी, म्हणून शून्य. टोकाला एकच बाजू असते, तिथं हा युक्तिवाद लागूच होत नाही. पोरांच्या "काऊन" चं उत्तर हेच.

म्हणजे उमेदवार तीनच प्रकारचे: आतले फ′ = ० असलेले बिंदू, आतले फ′ अस्तित्वातच नसलेले बिंदू, आणि दोन टोकं. यांच्याबाहेर कमाल-किमान असूच शकत नाही, आणि ती आहे हे आधीच ठरलंय. मग फक्त किमती काढून ताडून पाहायच्या. फ′ = ६(क्ष − २)(क्ष + १), म्हणून:

फ(−३) = −४०
फ(−१) = १२
फ(२) = −१५
फ(४) = ३७

फ″ ची गरजच पडली नाही. ते फक्त शेजारपाजारचं सांगतं, सगळ्या अंतरालाचं नाही. शिवाय क्ष⁴ ला शून्यापाशी फ″ = ०, तिथं ते काहीच सांगत नाही. बंद अंतरालाच्या गणितात फ″ काढायला मी तर बंदीच घालीन.

वावर_धुरा
सर, पोराइले वावर दाखवा. नाल्याच्या काठानं वावर हाय, रोह्याच्या (नीलगाईच्या) तरासानं तार-कंपाउंड कराचं हाय. तार २०० मीटर, नाल्याकडची बाजू उघडी. (रोही नाल्याकडूनच येते हे सध्या इसरा, गणितातला नाला खोल असते.) नाल्यापासून धुऱ्याकडं (वावराच्या हद्दीकडं) क्ष मीटर गेलं, तर क्षेत्रफळ = क्ष(२०० − २क्ष). डेरिव्हेटिव्ह २०० − ४क्ष, म्हणून क्ष = ५० अन् क्षेत्रफळ ५००० चौरस मीटर. इथपर्यंत सगळेच येते.

आता म्हणा, नाल्यापासून धुरा ४० मीटरवरच हाय, पुढं दुसऱ्याचं वावर. अंतराल झालं [०, ४०]. ५० बाहेर गेले. आत फ′ = ० कुठंच नाही, तरी सगळ्यात मोठं कंपाउंड तर असनच ना? ते क्ष = ४० ले, ४० × १२० = ४८०० चौरस मीटर. तिथं डेरिव्हेटिव्ह ४० हाय, शून्य नाही. क्षेत्रफळ वाढूनच राह्यलं होतं, धुऱ्यानं अडवलं.

शिकवणी_दारव्हा
भाऊ, हे झकास. मास्तर, "डेरिव्हेटिव्ह नसलेले बिंदू" साठी |क्ष| सोडून काही? आणि बंद, मर्यादित, संतत या तीन अटींपैकी एक काढली तर काय बिघडतं?

विश्लेषण_वर्धा
पहिल्यासाठी फ(क्ष) = क्ष² चं घनमूळ, [−१, ८] वर. डेरिव्हेटिव्ह कुठंच शून्य होत नाही आणि ० पाशी अस्तित्वात नाही. किमती १, ०, ४. किमान ० नेमकी त्याच बिंदूला. "−१ चा २/३ घात" असं टाकलं तर काही कॅल्क्युलेटर एरर देतात, म्हणून आधी वर्ग, मग घनमूळ.

अटींबद्दल. (०, १) वर फ(क्ष) = क्ष घ्या: १ च्या हवं तितकं जवळ जातं, पोचत कधीच नाही. [०, ∞) वर क्ष/(१ + क्ष): टोक बंद आहे, पण अंतराल अमर्याद, पुन्हा १ हुकतो. [०, १] वर फ(क्ष) = क्ष, पण फ(१) = ० ठेवा: एका बिंदूला सातत्य मोडलं आणि कमाल गेली.

उलटं मात्र म्हणू देऊ नका. अटी पुरेशा आहेत, आवश्यक नाहीत. खुल्या (०°, ३६०°) मध्ये साइनला ९०° ला कमाल आणि २७०° ला किमान आहेच.

हुशार पोरांसाठी आणखी एक: फक्त परिमेय संख्या घेतल्या तर [०, २] वर |क्ष² − २| ला किमान नाही, कारण २ चं वर्गमूळ त्यांच्यात नाही. प्रमेयाचा जीव वास्तव संख्यांच्या पूर्णतेत (मध्ये अशी भोकं नसण्यात) आहे. प्रमेयाला नाव गणितज्ञ वायरश्ट्रासचं लागतं, पण बोल्झानो या गणितज्ञानं ते १८३० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं. हस्तलिखित छापलं गेलं १९३० मध्ये.

जिओजेब्रा (आलेख काढायचं ॲप) फोनवर एकदा टाकलं की रेंजशिवाय चालतं. तुमच्या गणिताला उभा अक्ष −५० ते ५० करा, नाहीतर टोकं पडद्याबाहेर राहतात आणि पोरं पुन्हा १२ च म्हणतील.

शिकवणी_दारव्हा
आणि जिथं अंतराल मुळातच खुलं? बिनझाकणाची गोल टाकी, १००० लिटर, पत्रा कमीत कमी. त्रिज्या शून्यापेक्षा मोठी, वर मर्यादा नाही.

मास्तर_परतवाडा
तिथं बंद तुकडा आपणच कापायचा. आकारमान १ घनमीटर, त्रिज्या त, तर पत्रा = पाय (π) × त² + २/त. डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की त³ = १/पाय, म्हणजे त सुमारे ०.६८ मीटर, पत्रा सुमारे ४.३९ चौरस मीटर. आता [०.१, ३] घ्या. ०.१ च्या खाली २/त एकटंच २० च्या वर, ३ च्या पुढं पाय × त² एकटंच २८ च्या वर. बाहेर ४.३९ पेक्षा कमी येणं शक्य नाही, आणि आत प्रमेय लागू. उंचीही ०.६८ मीटरच येते. झाकण घातलं तर हे जुळत नाही, तिथं उंची व्यासाइतकी होते. ते गणित घरी करायला द्या.