सल्ला हवा : पैसे भरूनही जाहिराती दाखवणारे सोसायटीचे ॲप ठेवावे की बदलावे?

मुलुंडचा सचिव

नमस्कार. मुलुंड पूर्वेला ९६ सदनिकांच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी दोन वर्षांपासून मानद सचिव आहे. पुनर्विकासानंतर नव्या इमारतीत राहायला आलो तेव्हा फाटकावरची वही बंद केली आणि पाहुणे, कुरियर व घरकामाला येणाऱ्या बायका यांच्या नोंदीसाठी, तसेच मेंटेनन्सच्या बिलांसाठी एक ॲप घेतले. सदनिकेमागे महिना २२ रुपये दराने वर्षाला २५,३४४ रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आमच्या संस्थेची जीएसटी नोंदणी नसल्यामुळे तो कुठेही वळता होत नाही, त्यामुळे एकूण खर्च २९,९०६ रुपयांच्या घरात जातो.

पहिले वर्षभर तक्रारीला जागा नव्हती. नंतर मात्र ॲप उघडताच गृहकर्ज, अंतर्गत सजावट, पाणी शुद्धीकरण यंत्रे आणि नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिराती दिसू लागल्या. सुरुवातीला त्या खालच्या पट्टीत असत, पुढे पूर्ण पडदा व्यापू लागल्या. आमच्या सातव्या मजल्यावरच्या एका ७८ वर्षांच्या आजोबांनी कुरियरवाल्याला आत सोडण्याचे बटण समजून ‘होय’ दाबले, तर ते ‘आपल्या घराची आजची किंमत जाणून घ्यायची आहे का’ या प्रश्नाचे उत्तर निघाले. दोन्ही बटणे हिरवीच होती. त्यानंतर दोन दिवस त्यांना दलालांचे फोन येत राहिले आणि त्यांच्या सूनबाईंनी मला जिन्यातच गाठून ‘घर विकायला काढले आहे, असे सोसायटीने कोणाला कळवले’ असा जाब विचारला.

कंपनीला ई-मेल केला असता, ‘सभासदांना उपयुक्त सेवांची माहिती देणे हा आमच्या सेवेचाच भाग आहे’ असे उत्तर आले. पुढच्या महिन्यात कराराचे नूतनीकरण आहे आणि वार्षिक सर्वसाधारण सभाही तोंडावर आली आहे. या जाहिराती बंद करून घेण्याचा काही मार्ग आहे का, आणि नसल्यास दुसरी कोणती व्यवस्था करावी, याविषयी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

गोरेगावची खजिनदार

सचिवसाहेब, ॲप बदलण्याआधी त्याचा नेमका कोणता भाग आपल्याला लागतो हे एकदा कागदावर मांडून पाहावे, असे मी सुचवेन. आमच्या १४० सदनिकांच्या संस्थेत हा हिशेब मांडला, तेव्हा रोज वापरली जाणारी सोय एकच निघाली, ती म्हणजे फाटकावरून येणारी विचारणा. क्लब हाउसचे आरक्षण, चर्चेचे दालन, मतदान, सभासदांची खरेदी-विक्री हे सारे आम्ही पैसे मोजून घेतले होते आणि कोणी उघडूनही पाहत नव्हते. जाहिराती मात्र नेमक्या याच रिकाम्या दालनांतून येत होत्या.

आम्ही हिशेब आणि फाटक वेगळे केले. आमचे हिशेबनीस टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करतात आणि लेखापरीक्षकही त्याच नोंदी मागतात, म्हणून बिले तिकडे वळवली. ती महिन्याच्या पहिल्या तारखेला ई-मेलने जातात आणि ज्या १५-२० ज्येष्ठांना कागदच लागतो त्यांच्या दारात छापील प्रत सरकवली जाते. फाटकासाठी कमी सोयींची योजना ठेवली. वर्षाचा खर्च जवळपास तेवढाच राहिला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. फायदा इतकाच झाला की सर्व सभासदांची थकबाकी, घराचे क्षेत्रफळ आणि भाडेकरूंची माहिती एकाच कंपनीच्या हाती राहिली नाही.

आपल्या इमारतीत इंटरकॉम आहे का? बिल्डरने बसवून दिलेला असतो आणि ॲप आल्यावर सगळे त्याला विसरतात. आमचा दुरुस्त करायला फार खर्च आला नाही आणि वयस्कर सभासदांनी तर सुटकेचा निःश्वास टाकला. त्या आजोबांच्या घरी तरी तो आधी सुरू करावा.

पवईचा प्रोग्रामर

मी अशा कंपनीत नाही, पण ॲप बनवण्याचेच काम करतो, म्हणून तांत्रिक बाजू मांडतो. अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून एकाच ॲपच्या सूचना वेगवेगळ्या प्रकारांत विभागण्याची सोय आहे. आलेल्या सूचनेवर बोट दाबून धरले की ती कोणत्या प्रकारातली आहे ते दिसते आणि तेवढाच प्रकार बंद करता येतो. अट अशी की, ॲप बनवणाऱ्याने प्रकार प्रामाणिकपणे वेगळे ठेवलेले असावेत. ‘पाहुणा आला आहे’ आणि ‘स्वस्त गृहकर्ज मिळवा’ या दोन्ही सूचना एकाच प्रकारात घातल्या असतील, तर एक बंद करताना दुसरीही बंद होते आणि वॉचमन खाली ताटकळत राहतो. असे असेल तर तो योगायोग समजू नये, कारण प्रकार वेगळे करणे हे अर्ध्या दिवसाचेही काम नाही. आयफोनच्या बाबतीत ॲपलच्या नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे की, वापरकर्त्याने ॲपमध्येच उघडपणे संमती दिल्याशिवाय आणि ती मागे घेण्याची सोय असल्याशिवाय सूचनांचा वापर प्रसिद्धीसाठी करू नये. आपल्या पुढच्या ई-मेलमध्ये या नियमाचा उल्लेख अवश्य करावा.

अनेकजण १९०९ वर ‘डीएनडी’, म्हणजे जाहिरातींचा त्रास नको अशी विनंती, नोंदवून पाहतात. ती सोय फोन आणि एसएमएस यांच्यापुरती आहे. ॲपच्या सूचना इंटरनेटवरून येतात, त्यांना ती लागू होत नाही.

पैसे भरले म्हणजे जाहिरात नाही, हा जुना समज आता सोडून द्यावा लागतो. प्राइम व्हिडिओने भारतात १७ जून २०२५ पासून, वर्गणी भरणाऱ्या सभासदांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये जादा भरण्याचा पर्याय ठेवला. स्पॉटिफायची वर्गणी भरली तरी पॉडकास्टमधल्या जाहिराती ऐकाव्या लागतातच. या कंपन्या निदान हे जाहीर तरी करतात. सोसायटीच्या ॲपमध्ये पैसे भरणारी संस्था असते आणि पडदा पाहणारा सभासद असतो. ही दोन माणसे वेगळी असल्यामुळे कोणालाच काही विचारावे लागत नाही.

एक व्यावहारिक युक्ती सांगतो. नूतनीकरणाआधी करार रद्द करण्याच्या मार्गावर थोडे पुढपर्यंत जाऊन पाहावे. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध जो दावा दाखल केला, त्यातला आरोप असा होता की मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वर्गणीत कोपायलट या एआय मदतनिसाची भर घालून दर वाढवताना सुमारे २७ लाख ग्राहकांना जुन्या दराची ‘क्लासिक’ योजना अजून उपलब्ध असल्याचे नीट सांगितलेच नाही आणि ती योजना फक्त वर्गणी रद्द करायला निघालेल्यालाच दिसत असे. आपल्या कंपनीकडेही दरपत्रकात न छापलेली जाहिरातमुक्त योजना असण्याची दाट शक्यता आहे.

पार्लेकर ग्राहक

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मी वकील नाही, पण ग्राहक चळवळीत बरीच वर्षे घालवली आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणारी पडद्याची रचना, रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना अधिसूचित केल्या असून त्यांत अशा १३ प्रकारांची नावे घेतली आहेत. आपल्या आजोबांच्या बाबतीत जे घडले ते त्यांतल्या ‘छुप्या जाहिराती’च्या वर्णनात बसते, कारण तेथे पडद्यावरच्या इतर मजकुरात मिसळून जाणारी आणि ग्राहकाला फसवून बटण दाबायला लावणारी जाहिरातच अभिप्रेत आहे. पुन्हा पुन्हा अडथळा आणून खरेदीसाठी पिच्छा पुरवणे हाही त्यांतलाच एक स्वतंत्र प्रकार आहे. मात्र नुसती जाहिरात दाखवणे या सूचनांनुसार गैर ठरत नाही, हे ध्यानात ठेवावे. तक्रारीत ‘जाहिराती दिसतात’ असे लिहिले तर ती पहिल्या पायरीवरच अडखळेल. ‘परवानगीच्या बटणासारखेच दिसणारे बटण जाहिरातीला दिले आहे’ असे लिहावे आणि दोन्ही पडद्यांची छायाचित्रे तारखेसह जोडावीत.

संस्थेला ग्राहक म्हणून उभे राहता येते का, अशी शंका समितीत कोणीतरी काढेलच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘व्यक्ती’च्या व्याख्येत सहकारी संस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे आणि सभासदांच्या फाटकाची व्यवस्था हा काही संस्थेचा धंदा नव्हे. सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरून करावी. तेवढ्याने भागले नाही तर मुंबई उपनगर जिल्हा आयोगाकडे जाता येते. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी तक्रारदाराच्या ठिकाणी दावा चालतो आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुंबई ग्राहक पंचायतीकडूनही मार्गदर्शन मिळू शकेल.

माहितीच्या वापराचा मुद्दा मला जाहिरातींहून गंभीर वाटतो. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा असला तरी त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास मनाई आहे. आई-वडील कामावर असताना दार उघडण्याची परवानगी मुलेच आपल्या फोनवरून देतात, हे प्रत्येक सोसायटीत चालते. कंपनीला हा प्रश्न आत्ताच लेखी विचारून ठेवावा.

जुना गिरगावकर

मला वेगळे मत मांडायचे आहे. जाहिराती येणारच असतील तर त्यांचे पैसे संस्थेने का घेऊ नयेत? आवारात रविवारी कोणी स्टॉल लावला तर आपण दिवसाचे भाडे घेतो, लिफ्टमध्ये फलक लावला तर महिन्याचे घेतो. मग ॲपच्या पडद्यावर जाहिरात लावणाऱ्याने भाडे द्यावे, किंवा कंपनीने २२ रुपयांचा दर निम्म्यावर आणावा. चाळीत असताना फेरीवाला गॅलरीत यायचा, तेव्हा कोणाचेच काही बिघडत नव्हते.

मुलुंडचा सचिव

गिरगावकर साहेब, आपला मुद्दा समितीतही निघाला होता आणि कोषाध्यक्षांना तो पटलाही. माझी अडचण अशी आहे की स्टॉलवाला माझ्याकडे अर्ज करतो, दिवस आणि जागा मी ठरवतो, आणि त्याच्याबद्दल तक्रार आली तर पुढच्या रविवारी त्याला जागा मिळत नाही. चाळीतला फेरीवालाही सर्वांसमोर येत असे आणि तो नकोसा झाला तर कोणीतरी त्याला हटकत असे. येथे आजोबांच्या फोनवर काय आले ते मला त्यांच्या सुनेकडून कळले. भाडे मिळाले तरी कोण आत आले हे मला ठाऊक नसणार आणि उद्या एखाद्या सभासदाची फसवणूक झाली तर ‘संस्थेने पैसे घेऊन आत सोडले’ असे म्हटले जाईल. ते पैसे मला नकोत.

पवईकरांनी सांगितल्याप्रमाणे रद्द करण्याची विनंती नोंदवली. तिसऱ्या दिवशी विक्री प्रतिनिधींचा फोन आला आणि जाहिरातमुक्त योजना आहे, सदनिकेमागे ९ रुपये जादा पडतील, असे कळले. म्हणजे जीएसटीसह वर्षाला आणखी १२,२३४ रुपये. जे पहिल्या वर्षी मूळ दरातच मिळत होते, ते परत मिळवण्याची ही किंमत आहे.

गोरेगावची खजिनदार

ती किंमत देऊ नये, किंवा दिलीच तर वर्षाचे आगाऊ पैसे न देता तीन-तीन महिन्यांचे द्यावेत. आमचा अनुभव असा की चेक एकदा वटला की ई-मेलला उत्तर यायला आठवडा लागतो. आणखी एक गोष्ट करारात घालून घ्यावी : संस्था बाहेर पडली तर सर्व नोंदी एक्सेलमध्ये परत मिळाव्यात आणि कंपनीकडच्या प्रती पुसल्याचे पत्र मिळावे. आम्हाला त्या नोंदी पीडीएफच्या स्वरूपात मिळाल्या आणि आमच्या हिशेबनिसांनी १४० सदनिकांची थकबाकी हाताने पुन्हा भरली.

मुलुंडचा सचिव

सर्वांचा आभारी आहे. बिले वेगळी करणे, इंटरकॉम दुरुस्त करणे आणि फाटकाचा भाग तीन महिन्यांच्या मुदतीने मूळ दरातच मागणे असे समितीत ठरले आहे. कंपनी तयार झाली नाही तर वही पुन्हा काढू, वॉचमन त्याला केव्हाही तयार आहेत. १९१५ वर तक्रारही नोंदवली आहे. सर्वसाधारण सभेपुढे मांडायच्या ठरावाचा मसुदा खाली देतो, त्यात काही उणे असल्यास सांगावे.

‘संस्थेच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सेवा पुरवठादाराने सभासदांच्या ॲपवर, सूचनांद्वारे अथवा अन्य मार्गाने, स्वतःची किंवा तिसऱ्या पक्षाची जाहिरात शक्यतो दाखवू नये, आणि सभासदांची माहिती फाटकावरील नोंदींखेरीज अन्य कारणासाठी वापरू नये.’

पार्लेकर ग्राहक

‘शक्यतो’ काढावे.